रेल्वे लाइन्सचा माहितीपट-शो : निवड झकास, पडद्याचं मात्र बघा जरा

सोलापूरच्या रेल्वे लाइन्समध्ये एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी माहितीपट दाखवतात. तिकीट नाही. दाराशी पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, वाटेल ते टाका, नाही टाकलं तरी कोणी तोंडाकडे बघत नाही. चालवणारी सगळी पोरं-पोरी तिशीच्या अलीकडची. कोणी कॉलेजात शिकवतं, कोणी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघतं. मंडळाला नाव नाही, बोर्ड नाही. व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो, त्यात सिनेमाचं नाव आणि वेळ. वेळ पाचची असते आणि सुरू सव्वापाचला होतो. सोलापूरच्या मानाने हे वेळेवरच धरायचं.

मी कुठे बसून बघतो ते आधी सांगितलेलं बरं. माझी जवळजवळ सगळी नोकरी टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये गेली. कार्बनच्या काड्या जळत ठेवायच्या, जळतील तशा जवळ सरकवत राहायचं, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशिन चालू करून चेंजओव्हर मारायचा, म्हणजे संपत आलेल्या रिळावरून चित्र पुढच्या रिळावर घ्यायचं. चेंजओव्हर लोकांना कळला तर ऑपरेटर कच्चा. त्यामुळे बाकीचे गोष्ट बघतात तेव्हा माझं लक्ष आधी फोकसकडे जातं, मग आवाजाकडे, मग गोष्टीकडे. हा रिव्ह्यू त्याच क्रमाने गेला तर समजून घ्या.

माहितीपट हा प्रकार आमच्या पिढीने सक्तीने बघितलाय आणि मी तो सक्तीने दाखवलाय. मोठ्या सिनेमाआधी सरकारी फिल्म लावणं टॉकीजच्या लायसन्समध्येच होतं, वर कमाईचा एक टक्का फिल्म्स डिव्हिजनला, म्हणजे त्या फिल्म काढणाऱ्या सरकारी खात्याला, भरावा लागायचा. मालक त्यावरून महिन्याला एकदा तरी चिडायचे. डिव्हिजन 1948 साली निघाली, 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. मधल्या काळात त्यांनी काय दाखवलं नाही? पूर, दुष्काळ, धरणं, कुटुंब नियोजन, टीबी, बियाणं, सव्वीस जानेवारीचं संचलन, सतार, लेणी, डोंगरातल्या जमाती. एक रीळ, दहा-अकरा मिनिटं. खालच्या स्टॉलात तेवढ्या वेळात लोक शेंगा घेऊन यायचे, बिडी संपवायचे. डोअरकीपरला विचारायचे, "न्यूज संपली का बे?" संपली म्हटलं की आत.

आता गंमत बघा. तेव्हा लोक ज्यावर पाठ फिरवायचे, तेच रीळ या माडीवर पन्नास माणसं खुर्चीला खिळून बघतात. एस. एन. एस. शास्त्रींची ‘आय ॲम 20’ लावली होती. 1967 ची फिल्म. 1947 साली जन्मलेली, म्हणजे देशाच्याच वयाची पोरं-पोरी देशभरातून शोधून काढून त्यांना विचारलंय, तुला काय पाहिजे, देशाबद्दल काय वाटतं. कोणी आगाऊ, कोणी लाजणारं, कोणाला कशाचंच काही नाही. सरकारच्या पैशाने केलेली फिल्म आणि त्यात पोरं सरकारलाच बोलतायत. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते हिशेब करत होते की ही पोरं आता ऐंशीच्या घरात असणार.

पण फिल्म ताणली होती हो! जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो. या पोरांनी तो आडव्या पडद्यावर कडेपर्यंत ओढला, आणि वीस वर्षांची सडपातळ पोरं एकजात पैलवान दिसायला लागली. बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू द्या की. काळी पट्टी म्हणजे बिघाड नव्हे, ते चित्राचं माप आहे. मी उठून सांगितलं तर एक पोरगी म्हणाली, "काका, लोक म्हणतात पडदा रिकामा दिसतो." म्हणू द्या. रिमोटवर एक बटण असतं, ते दाबायला सेकंद लागतो. पुढच्या खेपेला दुरुस्त झालं, त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्याच पोराच्या हातात रिमोट होता आणि पुन्हा सगळे पैलवान.

पैलवानांवरून आठवलं. या मंडळींनी एकदा सुरुवातीला दहा मिनिटं जुन्या काळाची माहिती सांगितली, ती चांगली होती. आपल्याकडे कॅमेरा गोष्टीकडे वळण्याआधी खऱ्या घडामोडींकडे वळला. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला लावलेली कुस्ती टिपली. पुढे केंब्रिजला गणितात गाजलेले रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तो सोहळा 1901 साली टिपला. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाणा कुंडीत लावून त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं टिपत नेलं, आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. म्हणजे कुस्ती, सत्कार, वाटाणा. माहितीपटाला विषयाचं सोवळं पहिल्या दिवसापासून नाही.

हॉलचं सांगतो. खिडक्या पश्चिमेला आहेत, आणि सोलापुरात पाच वाजता पश्चिमेचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. पडदे घ्यायला पैसे नव्हते म्हणून या पोरांनी खिडक्यांना आपल्या सोलापुरी चादरी लावल्यात. जॅकार्डच्या, चांगल्या वजनाच्या. एका चादरीतून ऊन चाळून येतं आणि नक्षीतला मोर भिंतीवर तांबडा उमटतो. दुहेरी लावली की पूर्ण अंधार. हे मी हाताने धरून बघितलंय. फक्त तिसऱ्या खिडकीला अजून एकेरीच आहे, त्यामुळे डाव्या बाजूला बसलात तर सहा वाजेपर्यंत पडद्याचा तो कोपरा फिकट दिसतो. उजवीकडे बसा, मधल्या ओळीत. स्पीकर पुढे जमिनीवर ठेवतात, तेही चूक. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या पिंडऱ्या सिनेमा ऐकतात. स्पीकर कानाच्या उंचीवर पाहिजे. दोन स्टुलं मिळाली तर काम झालं. आणि मार्च ते जून पंखे लावले की बोलणं बुडतं, पंखे बंद केले की माणसं बुडतात. याला माझ्याकडेही उपाय नाही.

या सगळ्यावर मात करून गर्दी टिकलीय ती निवडीमुळे. निवड करणारा पोरगा कोण आहे मला माहीत आहे, पण तो नाव घेऊ देत नाही. त्याचं साधं गणित आहे: सोलापूरच्या माणसाला ज्यातलं काही कळतं असं काहीतरी आत असावं, मग सिनेमा कुठलाही असो.

राहुल जैनची ‘मशिन्स’ (2016) लावली तेव्हा अशोक चौकाकडची बरीच लूमवाली मंडळी आली होती. गुजरातमधल्या एका मोठ्या कापड कारखान्यावरची फिल्म आहे. निवेदन नाही, आकडेवारी नाही, पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा फिरतोय, मशिनं चालतायत, भट्टीत कोणी काहीतरी ढकलतंय, रंगाच्या पिंपाशी कोणी उघड्या हाताने उभा आहे. एक पोरगा मशिनशी उभ्या उभ्या पेंगतो. मान खाली जाते, झटक्याने वर येते, परत जाते. कॅमेरा हलत नाही. पहिली पाच मिनिटं मागच्या ओळीत कुजबुज होती, "लूम कुठाय? हे तर प्रोसेस हाऊस हाय." बरोबर होतं त्यांचं, फिल्म रंगाई-छपाईची आहे, विणाईची नाही. पण त्या पोराच्या पेंगण्याला हॉल गप्प झाला. ज्याने रातपाळी केलीय त्याला ते सांगावं लागत नाही. शेवटाकडे कामगार घोळक्याने उभे राहून कॅमेरा घेऊन आलेल्यालाच विचारतात, तू येणार, आमचं दुःख विचारणार आणि जाणार, मग आम्ही काय करायचं सांग. इथे आमच्यातले एक अण्णा, विणकर पद्मशाली समाजातले, आयुष्य लूमवर गेलेलं, मोठ्याने म्हणाले, "आता बोल की!" पडद्याला म्हणाले. सिनेमा काढणाऱ्याला एवढा खरा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला जात असेल.

मी ऑपरेटर म्हणून सांगतो, तसा आवाज असलेला सिनेमा छोट्या फोनवर बघू नका. त्यातल्या मशिनचा आवाजच सिनेमा आहे. इथल्या स्पीकरवर निम्माच आला, तरी छातीत बसला.

त्याच्या पुढच्या महिन्यात उलट चव. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, फैजा अहमद खान यांची, 2008. मालेगावही आपल्यासारखंच पॉवरलूमचं गाव. तिथला नासिर शेख दोस्तमंडळी जमवून गावठी सुपरमॅन काढतो, त्याची ही हकिकत. हिरो शफीक लूमवर काम करणारा, अंगाने काडी. सुपरमॅनला उडवायला ट्रकच्या बाजूला हिरवं कापड ताणलंय. एका शूटिंगला कॅमेराच पाण्यात पडतो, आणि सगळे त्याच्याकडे घरातलं माणूस गेल्यासारखे बघत राहतात. हॉल हसून हसून लोळला. हिंदी-उर्दूचं मिश्रण असल्यामुळे पडद्याखालच्या पाट्या (सबटायटल) वाचायची कोणाला गरज नव्हती, आपल्या सोलापुरात ती भाषा चहाच्या गाड्यावरसुद्धा बोलतात. पण हसता हसता पोटात कालवतं. माहितीपट म्हणजे कंटाळा असं ज्याला वाटतं त्याला मी आधी हा दाखवीन.

आता माझ्या लाडक्याकडे येतो, थोडं लांबणार आहे. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजमागे फिरून केलेली फिल्म, 2016 साली कान महोत्सवात गेली होती. गंजलेला ट्रक, त्यावर प्रोजेक्टर, दोरखंड, ताडपत्री. जत्रेत तंबू उभा राहिला आहे, लोक बसले आहेत आणि रीळ अजून यायचं आहे. ती वाट बघणारी माणसं, भोंग्यावरून त्यांना धरून ठेवणारा मालक, सगळं हुबेहूब. माझं पहिलं काम टॉकीजमधलं नव्हतं, असल्याच तंबूतलं होतं, बार्शीच्या बाजूला. रीळ तुटलं की ब्लेडने घासून सिमेंट (फिल्म चिकटवायचं द्रावण) लावून जोडायचं, तोवर बाहेर शिट्ट्या. या फिल्ममध्ये प्रकाश नावाचे एक प्रोजेक्टर दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक प्रोजेक्टर बनवलाय आणि त्यातला एकेक भाग ते दाखवतात तेव्हा हात असे चालतात की मी खुर्चीतून पुढे सरकलो. दाते कसे चावतात, फिल्म कुठे ढिली सोडायची, तेल कुठवर. हे सांगताना माणूस थकत नाही. तोवर बाहेर जगाचा हिशेब बदललेला असतो: डिजिटल मशिन येतं, रीळ भंगारात किलोवर जातं. तंबूवाला ते डिजिटल मशिन विकत घेतो. रडारड नाही फिल्ममध्ये. मला तेच आवडलं. आमच्या केबिनमधलं मशिन गेलं तेव्हाही कोणी रडलं नव्हतं, मालकाने फक्त भंगारवाल्याशी शंभर रुपयांसाठी वाद घातला होता.

शो संपल्यावर एका पोराने माझ्या हातात माईक दिला. मी चेंजओव्हरचा ठिपका काय असतो ते सांगितलं, एवढंच. पण माईकची गोष्ट निघालीच आहे तर बोलतो. चर्चा हा या शोचा अर्धा जीव आहे आणि अर्धा वैताग. ठरावीक दोन गृहस्थ दर वेळी उठतात. एकाला प्रत्येक फिल्ममध्ये आपली पूर्वीची नोकरी दिसते, दुसऱ्याला आपली कविता. आयोजकांनी वाळूचं घड्याळ आणावं, नाहीतर माईक मागच्या ओळीतून सुरू करावा. मागे बसतात त्या बायकांकडे सांगण्यासारखं असतं, आणि माईक त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत घरी स्वयंपाकाची वेळ झालेली असते.

एकदा मात्र पोचला. ‘हनीलँड’ होती, 2019 ची, उत्तर मॅसेडोनियाच्या डोंगरातली. हातिजे नावाची बाई, आजारी आई, कपारीतल्या मधमाश्या. मध काढताना ती म्हणते, निम्मं मला, निम्मं तुम्हाला. शेजारी गाई-गुरं, पोरंबाळं घेऊन एक कुटुंब येतं, तिच्याकडून शिकतं आणि गिऱ्हाइकाच्या घाईपायी सगळाच मध काढतं. मग त्या कुटुंबाच्या उपाशी माश्या तिच्या माश्यांवर तुटून पडतात. दिग्दर्शकांनी तिथे तीन वर्षं काढलीत, आणि ऑस्करला ही फिल्म माहितीपट आणि परदेशी सिनेमा अशा दोन्ही गटांत नामांकनात होती. हॉलमध्ये काय झालं, तर मोहोळकडच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "आमच्या शेजाऱ्यानं चारशे फूट बोअर घेतला, तवा आमचा दोनशेचा आटला. आता त्याचाबी आटलाय. ऊस दोघांचाबी वाळला." बसल्या. त्यावर कोणाला काही जोडायचं राहिलं नाही, कवीसुद्धा गप्प.

तर भाषेचं दुखणं इथेच. ‘हनीलँड’ तुर्कीत, पाट्या इंग्रजीत, आणि समोर बसलेल्यांत निम्म्यांना त्या वाचता येत नाहीत. म्हणून एक निवृत्त शिक्षिका पुढे बसून मोठ्याने मराठीत सांगतात. बाईंचा उत्साह दांडगा आहे, कष्टही आहेत, त्या आदल्या दिवशी फिल्म दोनदा बघून वहीत लिहून आणतात. पण वर्ग अजून सुटलेला नाही. पडद्यावर हातिजे नुसती चुलीपुढे बसलीय, कोणी बोलत नाहीये, आणि बाई सांगतायत, "आता तिला एकटेपणा जाणवतोय." बाई, तो आम्हाला दिसतोय. एवढं आवरलं तर ही सोय दहापैकी नऊ. मला विचाराल तर मराठी पाट्या टाइप करून लावाव्यात, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी बाईंनी फक्त संवाद सांगावेत. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नडही घरोघर आहे. ते झालं तर सोन्याहून पिवळं, पण आधी मराठी तरी करा.

भाषा आपली असली की काय होतं ते ‘जय भीम कॉम्रेड’ला बघितलं. आनंद पटवर्धन यांची, 2011 ची. 1997 साली मुंबईत रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसं मेली, मग शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला, तिथून सुरू होऊन चौदा वर्षांचं चित्रण. लांबी बरीच, तीन तासांच्या आसपास. मला वाटलं इंटरव्हलला अर्धा हॉल रिकामा होईल. कोणी हललं नाही. पोवाडे, गाणी सुरू झाली की मागून लोक साथ द्यायचे, एक आजी तर कडव्याच्या आधीच सुरू व्हायच्या. तीन तासांत एकदाही बाईंना उठावं लागलं नाही. पुढे बसलेल्या दोघा-तिघांना फिल्ममधलं राजकारण पटलं नाही, त्यांनी तसं उठून सांगितलं, आवाज चढले, चहाच्या वेळी खाली उतरले. असं व्हायलाच पाहिजे.

सगळंच जमतं असं नाही. ‘हेल्वेटिका’ नावाची फिल्म लावली होती, 2007 ची, छापील अक्षराच्या एका वळणावर पूर्ण ऐंशी मिनिटं. विषय म्हणून मला कौतुक वाटलं, नव्या पेठेतल्या एका जुन्या पेंटरला मी मुद्दाम घेऊन गेलो होतो. पण बोलणारी सगळी माणसं खुर्चीत बसून इंग्रजीत बोलतात आणि बाई दमल्या. पेंटर म्हणाला, "अक्षर कसं काढतात ते दाखवलंच नाही की." त्याचा मुद्दा मला पटला. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ पोरासोरांसाठी ठेवली होती. चाळीस मिनिटांत उरकते, मुदुमलाईचे बोम्मन आणि बेल्ली, हत्तीची पिल्लं, पोरं खूश. ऑस्कर मिळाल्यामुळे बहुतेकांनी आधीच बघितली होती. पुढचं काही सांगण्यासारखं घडलं नाही.

एक मागणी आहे. जब्बार पटेल आपले, सोलापुरातच शिकले. कुमार गंधर्वांवर त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘हंस अकेला’ केलीय. ती या माडीवर लागलीच पाहिजे, आणि त्या दिवशी पंखे बंद ठेवा, घाम आला तर येऊ द्या. परवानगीचं ही पोरं नीट बघतात, फिल्म काढणाऱ्याला आधी पत्र लिहितात, मागितले तर डब्यातले पैसे देतात. म्हणून डब्यात टाका. नेटवर चालवून मधे चक्र फिरत बसण्यापेक्षा फाइल आधीच आणून ठेवतात, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

जायचं असेल तर: जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर पावणेपाचला या, गर्दीच्या आधी चढून होतं. गाडी वाचनालयाच्या दारात लावू नका, समोरच्या घरातले काका हवा सोडतात. चहा मिळतो, साखर जास्त. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. लहान पोरांना आणायचं असेल तर आधी फोटोत बघा कुठली फिल्म आहे, ‘मशिन्स’ला एक पाच वर्षांचं पोरगं रडलं होतं. येत्या रविवारी काय आहे ते अजून आलेलं नाही. आलं की मी खालच्या पान टपरीवर लिहून लावतो, व्हॉट्सॲप नसणाऱ्यांनी तिथे बघावं.